शेपटीला जड होतो तो रंग

बाबांनी अडतीस वर्षं बसगाड्या रंगवल्या. निवृत्त होताना डॉक्टरांनी बजावलं, "आता फवाऱ्याला हात लावायचा नाही." बाबांना वाईट वाटलं नाही. रंगाच्या नुसत्या वासानेही त्यांना नको नको व्हायचं.

म्हणून थोरले काका विमान घेऊन आले तेव्हा बाबांनी कपाळाला हात लावला.

काका घड्याळं दुरुस्त करायचे. सहा वर्षं खपून त्यांनी हलक्या लाकडाचं, वर रेशमी कापड ताणलेलं, छोट्या इंजिनावर खरोखर उडणारं विमान बांधलं होतं. रंग तेवढा राहिला आणि त्यांचे हात थरथरू लागले.

"तू कर," काका म्हणाले.

"दादा, मी दमलोय."

"मीही."

चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बसचा उरलेला रंग कापडाच्या तुकड्यावर लावला. काकांनी त्यावर इंजिनाच्या इंधनाचा थेंब टाकला. थोड्या वेळाने पुसलं, तर सगळा रंग फडक्यावर! दुसरा रंग इंधनाला पुरून उरला, पण जाड बसला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तुकडा ठेवून काका म्हणाले, "शेपटीला एक ग्रॅम वाढला, की तोल साधायला नाकात तीन ग्रॅम शिसं भरावं लागतं. मग ते उडणार कसलं?"

"बस कधी असलं विचारत नव्हती," बाबा पुटपुटले.

त्यात काकांना छटाही नेमकी हवी. उन्हाने विटलेला हिरवा, त्यांच्या जुन्या फोटोतल्या विमानासारखा.

"फोटो काळापांढरा आहे, दादा."

"असू दे. मला माहीत आहे तो रंग."

कपडे वाळत घालायच्या दोरीवर अकरा तुकडे चिमट्यांनी लटकले. बाराव्याला काका नुसतेच "हं" म्हणाले. पाण्यात कालवलेला तो रंग बाबांनी स्पंजने इतका पातळ पुसला, की खालची वीण दिसत राहिली. इंजिनाचं तेल उडतं तेवढ्याच भागावर, म्हणजे नाकावर आणि पोटाखाली, इंधनाला दाद न देणारं वॉर्निश द्यायचं ठरलं. त्याच्या वासाने बाबांना खोकल्याची उबळ आली, तेव्हा ब्रश माझ्या हातात आला. बाबा दाराबाहेरून सांगत होते, "थांबू नकोस. एका दमात ओढ. मागे वळून बघायचं नाही." आयुष्यात पहिल्यांदाच ते मला आपलं काम शिकवत होते, तेही तोंडाला रुमाल लावून.

मैदानावर अशी विमानं उडवायचा नाद असलेल्या, काकांच्या ओळखीच्या शिंप्याने रिमोट हातात घेतला. विमान चार मिनिटं उडालं. उतरताना एक चाक मोडलं.

"दुरुस्त करायचं?" मी विचारलं.

"बघू," काका म्हणाले. बाबांनी मोडलेलं चाक उचलून खिशात घातलं.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होते. विमान मागच्या सीटवर, दोघा भावांच्या मांडीवर आडवं. पहिलं वळण येईपर्यंत दोघांनाही गाढ झोप लागली होती.