टायटल कापलेलं कार्टून

एक गृहस्थ मागे एका रविवारी मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जुनी कार्टून दाखवायला आले होते. साठीचे असतील. शर्टाच्या खिशात भिंग. पहिल्याच कार्टूनचं टायटल आलं आणि त्यांनी स्वतःच लॅपटॉप थांबवला.

"हे खोटं टायटल आहे!" पडद्यावर बोट आपटत ते म्हणाले. "कार्टून पहिल्यांदा थिएटरला लागलं तेव्हा इथे चित्रं काढणाऱ्यांची नावं होती. पुढे कंपनीने ते परत रिलीज केलं, तेव्हा नावं कापली आणि स्वतःची पाटी चिकटवली. ज्यांनी हात झिजवले, त्यांची नावं कचऱ्यात! आता देवनारच्या कचराडेपोत जाऊन उकरलंत तरी मिळायची नाहीत."

बोलताना त्यांचा आवाज भरून आला. खोटं कशाला बोलू, मलाही गलबलून आलं.

मग त्यांनी एका कार्टूनचं मूळ टायटल दाखवलं. वर्षभर भंगारातली रिळं धुंडाळून त्यांनी ते मिळवलं होतं. पडद्यावर ती नावं आली, आणि त्यांच्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाड पिवळ्या अक्षरांत ह्यांचं नाव. खाली मोबाइल नंबर.

"काका, मागची नावं वाचताच येत नाहीत," मी म्हटलं.

"ती वाचून काय करणार आहेस?" भिंग पुसत ते म्हणाले. "शोधलं कोणी, ते कळलं ना?"

त्यांचं नाव मला अजून पाठ आहे. या लेखाच्या पहिल्याच ओळीत लिहिलंही होतं. मग ते कापलं आणि तिथे ‘एक गृहस्थ’ चिकटवलं.