आत्याच्या गच्चीवरचा स्कॅनर

अकोल्याच्या माझ्या आत्याची नजर काचबिंदूनं गेली तेव्हा ती रडली नाही, चिडली. जन्मभर शाळेत पोरांना दटावलेली बाई. टीव्हीवर चिडायची, पेपर वाचून दाखवणाऱ्या शेजारणीवर चिडायची आणि अमरावतीहून दर शनिवारी येणाऱ्या माझ्यावर तर हक्कानं चिडायची. शांत असायची ती फक्त संध्याकाळी गच्चीवर, उंचावरून विमान जात असताना. तो आवाज तिला माझ्या आधी ऐकू यायचा.

"हे इमान कुठं चाललं असंल वं?" तिनं एकदा विचारलं. "आतले लोक कोनाशी बोलत असतीन?"

"ते ऐकता येतं, आत्या. त्याचा रेडिओ मिळतो, स्कॅनर म्हणतात," मी कुठंतरी वाचलेलं बोलून गेले.

"मंग आन नं."

मी वकिली करते, यंत्रांशी माझं कधी जमलं नाही. दुकानदाराला फोन केला तर त्यानं डिजिटल की ॲनालॉग, असं विचारलं. मला फरक कळेना. त्यानं सांगितलं तो असा, की ॲनालॉग आवाज जसाच्या तसा पकडतो आणि डिजिटल आकड्यांत बांधून पाठवलेला आवाज सोडवून ऐकवतो. "विमानांचं बोलणं ऐकायचंय," मी त्याला दोनदा बजावलं. "मॅडम, आता सगळं डिजिटल झालं. जुनं घेऊन काय करता?" तो म्हणाला. पटलं मला. घेतला.

त्यात फ्रिक्वेन्सी भरायच्या त्या कॉम्प्युटरवरून. आधी लॅपटॉप केबल ओळखेना. ओळखली तर सॉफ्टवेअर उघडेना. उघडलं तर त्यात इतके रकाने, की तितके मी कुठल्या दाव्यातही भरले नसतील. विमानांची फ्रिक्वेन्सी टाकली की चौकट लाल व्हायची. मी आकडा पुसायचे, पुन्हा टाकायचे, पुन्हा लाल. शेवटी इंटरनेटवरच्या कुणीतरी सांगितलेली युक्ती केली आणि सॉफ्टवेअरनं मुकाट आकडा घेतला. मी विजयी मुद्रेनं अकोल्याला गेले.

गच्चीवर नुसती खरखर. विमान अगदी डोक्यावर आलं तेव्हा खरखर जरा दबली आणि कुणी उशीत तोंड खुपसून बोलावं तसं काहीतरी आलं. शब्द एक नाही.

"बिघडलेलं आनलं तू," आत्या म्हणाली.

माझ्या एका सहकाऱ्यानं अकोल्यातल्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. ते हौशी रेडिओची, म्हणजे घरून वायरलेसवर बोलण्याच्या परवान्याची, परीक्षा दिलेले, वर्षानुवर्षं त्यातच रमलेले. त्यांनी माझं यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि हळहळले.

"मशीन तो अच्छी है, वकील मॅडम. पण विमानवाले अजून जुन्याच पद्धतीनं बोलतात. ॲनालॉग, अन् त्यातही एएम, जुन्या आकाशवाणीसारखं. याच्यात एएमच नाही, तर बिचारं ऐकवणार काय?"

मला तिथंच ओरडावंसं वाटलं. माझ्या संध्याकाळी, माझे डोळे, त्या लाल चौकटी! ते यंत्र पहिल्यापासून खरं तेच सांगत होतं आणि मीच त्याला बळजबरीनं हो म्हणायला लावलं होतं. डॉक्टरांनी आपला जुना ॲनालॉग स्कॅनर मला वापरायला दिला. विटेएवढा जड, फ्रिक्वेन्सी बटणं दाबूनच भरायच्या.

वाटलं, आता सुटले. कुठलं काय! दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर त्यात भलतंच ठरवलेलं होतं, त्यामुळे मी टाकलेला आकडा तो आपल्या मनानं बाजूला सरकवायचा. ते फोनवर डॉक्टरांना विचारून निस्तरलं. मग एकेका फ्रिक्वेन्सीवरून फिरताना तो शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरच्या गुणगुणीवरच अडकून बसू लागला. ती फ्रिक्वेन्सी वगळायला शिकले. त्यानंतर विमानांच्या जागी गावातल्या एफएम केंद्राची गाणी घुसली.

"पायलट गानं म्हनून राहिला का?" आत्यानं विचारलं.

"नाही! बस ना जरा गप्प!" मी तिच्यावर पहिल्यांदाच ओरडले. ओरडल्याचं लगेच वाईटही वाटलं. तिची खुर्ची ओढत मी पाण्याच्या टाकीमागं नेली, म्हटलं टाकी मध्ये आली तर गाणी तरी अडतील. अडली. थोड्या वेळानं स्वच्छ पुरुषी आवाज आला, "नागपूर, नमस्कार," आणि पाठोपाठ भराभर इंग्रजी आकडे.

आत्या पुढं वाकली. मग तोंड वाकडं केलं.

"हे तं पाढे म्हनून राहिले! अन् समोरचा काहून बोलत नाही?"

"समोरचा नागपूरला, जमिनीवर आहे. त्याचा आवाज इथवर पोचत नाही. विमान उंच असतं म्हणून ऐकू येतं."

"म्हंजे एकाच बाजूचं आयकाचं? तुह्या कोर्टात चालते का असं?"

एवढ्या खटपटीनंतर हे ऐकून मी त्याच रात्रीच्या गाडीनं अमरावतीला परतले.

पण तिनं तो स्कॅनर बंद केला नाही. एप्रिलमधल्या एका शनिवारी ऊन तापलेलं असताना ती गच्चीवरून हाका मारू लागली, "वाळवण काढ! कुरड्या भिजतीन!" आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. "इमानवाले वेदर, वेदर म्हनून राहिले. तिघं झाले. सारेच वाट वाकडी करायले मांगतात."

मी कुरकुरत कुरड्या आत आणल्या. तासाभरात पश्चिमेकडून काळं आलं आणि बोराएवढ्या गारा पत्र्यावर आपटू लागल्या. शेजाऱ्यांच्या पापड्या गेल्या, आमच्या कुरड्या वाचल्या. आत्या जिन्याच्या दारात स्कॅनर पोटाशी धरून उभी होती. तिचा चेहरा वर्गात पहिला आलेल्या पोरीसारखा झाला होता.

पुढच्या शनिवारी गेले तर यंत्र मुकं. आवाज वाढवायला म्हणून तिनं कुठलीशी बटणं एकदम दाबून धरली होती; भरलेल्या सगळ्या फ्रिक्वेन्सी पुसल्या गेल्या होत्या. मी कपाळाला हात लावला आणि चष्मा पुसून पहिल्या चॅनलपासून पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्याच आकड्याला चुकले.

"हळू दाब," शेजारून आत्या म्हणाली. "तुले घाई लय."