चार बोटं जागा

"हे तू बोललास, की वकील बोलला?"

कागद टाईप करून घ्यायला आलेल्या प्रत्येकाला बाई हे विचारायच्या. विचारताना दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायच्या. उत्तर पटेपर्यंत हात मांडीवरच. आणि तो वकील म्हणजे बहुतेक वेळा मी, तिथेच बाजूला उभी.

भोईवाडा कोर्टाच्या बाहेरून तुम्ही कधी गेला असाल तर अशी टेबलं पाहिली असतील. वर निळं प्लास्टिक, खाली कॉम्प्युटर आणि प्रिंटर, कागद उडू नयेत म्हणून दगड. बाईंचं टेबल फाटकापासून तिसरं. माझी केस शहरातल्या कुठल्याही कोर्टात असो, मराठी टायपिंगला मी त्यांच्याकडेच यायचे. माझ्या मसुद्यातला निम्मा मजकूर त्या उडवायच्या, तरीही. "'सदरहू' कशाला? हा माणूस घरी सदरहू म्हणतो काय?" मी चिडायचे. त्या चहा मागवायच्या.

ह्या खोडीचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. राहायला डिलाईल रोडला, नवरा गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा कुणीतरी टाईप केलेल्या कागदावर त्याने सही केली. घरी आल्यावर बाईंनी वाचलं, तर आत लिहिलेलं, नोकरी सोडतोय ती 'स्वखुशीने'. "जन्मात कधी हा शब्द त्याच्या तोंडात आला नव्हता," बाई म्हणाल्या. "मग मीच टायपिंग शिकले."

आता त्या दिवसाचं सांगते.

माझ्याबरोबर एक आई होती आणि तिचं चौदा वर्षांचं मूल. दाखल्यावर मुलगा. पण हे मूल कळतं झाल्यापासून स्वतःला मुलगी म्हणत आलेलं. आईने आधी रागावून पाहिलं, मग नवस केले, आणि शेवटी एका डॉक्टरीणबाईंकडे न्यायला लागली. ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता. वयात येणं काही काळ थोपवणारं औषध द्यावं की नाही, एवढ्यासाठी तपासण्या चालल्या होत्या. बाप वेगळा राहायचा. त्याने कोर्टात अर्ज केला, की मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत असल्या डॉक्टरकडे न्यायलाच बंदी करा. त्याच्या वकिलाने परदेशातले बंदीचे कायदे जोडले, आणि ते कायदे उचलून धरणारे तिथल्या कोर्टांचे निकालही. हा एवढा गठ्ठा.

बाप वाईट नव्हता, घाबरलेला होता. कोर्टाच्या जिन्यात मला म्हणाला, "मॅडम, उद्या पस्तावा झाला तर तुम्ही येणार आहात का?" प्रश्न खरा होता, नाही म्हणत नाही. पण तो खरा आहे म्हणूनच डॉक्टर हवा ना जवळ? अठरापर्यंत थांबा म्हणायला काय जातं. कोर्ट पुढची तारीख देतं, शरीर देत नाही.

आईच्या प्रतिज्ञापत्राला मुलाचं निवेदन जोडायचं होतं. ते मी आदल्या दिवशी लिहून काढलं होतं, दोन पानी, मला फार आवडलेलं. बाईंनी ते वाचलं, हात मांडीवर घेतले आणि मुलाकडे वळल्या.

"हे तू बोल..."

आणि थांबल्या. बोललास, की बोललीस? इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचाच प्रश्न अर्धा राहिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे शब्द तुझे, की वकिलाचे?"

"वकिलांचे," मूल कुजबुजलं.

मी रस्त्याकडे बघायला लागले.

"मोठ्याने बोल बाळा, हॉर्न वाजतायत."

"मोठ्याने बोललं की आवाज फुटतो." तेही कुजबुजतच. "मग तो मला माझा वाटत नाही. म्हणून मी शाळेत बोलतच नाही."

बाईंचे हात कीबोर्डवर गेले. "हे लिहू?"

मूल मान हलवून हो म्हणालं. माझी दोन पानं दगडाखाली गेली. पण माझा पहिला परिच्छेद वाचल्यापासून मूल एका अक्षरावर अडून बसलं होतं, आणि ते अक्षर नव्या पानातही येणारच होतं. दाखल्याप्रमाणे मी 'शाळेत गेलो' असं लिहिलं होतं. त्यावर सही करणार नाही म्हणे. 'गेले' लिहावं तर समोरचा वकील म्हणणार, आईने पढवलंय. मी म्हटलं, एका अक्षरासाठी केस घालवू नकोस. मुलाने पेनाला टोपण लावलं.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "वकीलबाई, एवढ्याशा वयात माणसाला काय कळतं, मला नाय समजत. खोटं कशाला बोलू. माझ्या नातवाचं असतं तर मीपण घाबरले असते. पण पोराने स्वतःचं स्वतः सांगितलंय. ते मोडून मी कसं टाईप करू?"

मग पाऊण तास त्यांनी जे केलं ते मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. मला वाटतं. मला भीती वाटते. माझा आवाज. मी बोलत नाही. मी सांगेन, मी ऐकेन. जिथे म्हणून गेलो-गेले येणार, तिथे बाई वाट बदलायच्या. "कालचं बोललं की पकडतात," त्या पुटपुटल्या. "उद्याचं बोल. 'जाईन' बाप्यापण म्हणतो, बाईपण म्हणते." पानभर मजकूर झाला आणि कुणाला बोट ठेवायला एक क्रियापद सापडू नये.

छापलेलं पान त्यांनी टेबलावर ठेवलं आणि शेवटच्या ओळीखाली आपला हात आडवा टेकवला. "चार बोटं जागा सोडलेय. ती तुझी. तिथे मी नाय, वकील नाय, आईपण नाय."

मुलाने पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, 'मी आले आहे. मला विचारा.'

आई तोंडावर पदर घेऊन रडली. इथून पुढे मी 'ती' लिहिणार आहे.

समोरच्या वकिलाने त्या 'आले'वर बोट ठेवलंच. न्यायाधीशबाईंनी ओळ दोनदा वाचली, गठ्ठा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "मग विचारते." तिला एकटीला आत नेलं. अर्धा तास आम्ही सगळे बाहेर, बापसुद्धा. निकाल आला तो असा, की सरसकट बंदी घालता येणार नाही. दोघा पालकांनी डॉक्टरांना भेटावं, आणि औषधाचं डॉक्टरांनी तिच्याशी बोलून ठरवावं. बाप एकदा जाऊन आला डॉक्टरांकडे. पुढे औषध सुरू झालं आणि त्याने वर अपील केलं.

निकाल लागला त्याच दुपारी मी भोईवाड्याला धावले होते. बाई म्हणाल्या, "विचारलं ना तिला? बस." आणि चहा मागवला. त्यानंतर त्यांचा जुना प्रश्न मी कधी ऐकला नाही. भाडेकरू असो, मारामारीतला आरोपी असो, सगळ्यांना एकच, "हे शब्द तुझे, की वकिलाचे?"

यंदा बाई गेल्या. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी टेबल बंद. आता तिथे एकजण पासपोर्टचे फोटो काढून देतो. भला माणूस आहे, काही विचारत नाही.

अपिलाची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. वरच्या कोर्टाने बंदी घातली तर तिचं औषध त्या दिवसापासून बंद. आता ती पंधरा वर्षांची आहे. आवाज जरा घोगरा, पण मोठ्याने बोलते, भांडतेसुद्धा. मी त्या कोर्टाला एवढंच सांगणार आहे, की परदेशातला गठ्ठा नंतर वाचा, आधी हिला विचारा. आणि ऐकेपर्यंत सांगणार आहे.

परवा ती नवं निवेदन द्यायला माझ्या ऑफिसात आली. टायपिंग आता मीच करते. हात मांडीवर ठेवून प्रश्न विचारला, तिने सांगितलं ते लिहिलं, पान छापलं आणि खाली बोटं आडवी टेकवून जागा दाखवली.

तिने पान उचलून पाहिलं.

"जागा कमी सोडलीत, वकीलबाई. बाईंची बोटं जाड होती."

मी मजकूर पुन्हा वाचला. त्यातल्या दोन ओळी माझ्या होत्या. त्या काढल्या आणि पान परत छापलं.