बिलावलीच्या तलावातलं पांढरं देऊळ

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, अंगावर सांडेल. कारण भर बिलावली तलावात माझी जी फजिती झाली, तशी इंदुरात दुसऱ्या कोणाची झाली नसेल!

मध्यभारत राज्याचे दिवस. उन्हाळा आला की राजधानी ग्वाल्हेरहून इंदूरला यायची आणि तिच्याबरोबर तिकडचे कारकूनही. त्यांच्यातल्या चौबेजींनी एकदा आम्हाला डिवचलं, "इंदौरवालों को पानी में उतरना आता भी है?"

झालं! लाकडी फळीवर उभं राहून, वल्हं मारत, अख्खा तलाव पार करायची शर्यत ठरली. इंदूरच्या अब्रूचा सवाल! आणि आमच्या ऑफिसातल्या दोस्तांनी नाव कोणाचं दिलं? माझं. वसंत दिघ्याचं!

मला शिकवायला उभ्या राहिल्या आमच्या स्नेहलतागंजातल्या कुसुमताई. मुलींच्या शाळेत कसरत शिकवायच्या, वय पन्नाशीचं. पहिल्याच सकाळी त्यांनी नऊवारीचा कासोटा आवळला आणि फळीवर पाय ठेवला. फळी हलली नाही, पाणी वाजलं नाही! ताई निघाल्या त्या पार पलीकडे ठिपका होईपर्यंत. परत आल्या तेव्हा धापसुद्धा लागली नव्हती. मी काठावर नुसता आ वासून!

"वसंता, दमतात ते दंड, पण हरतं ते मन," त्या म्हणाल्या. "लाटा बघू नकोस, दुसऱ्याला बघू नकोस. पलीकडचं ते पांढरं देऊळ नजरेत धर. काहीही झालं तरी सोडायचं नाही. समझे?"

समझलो! रोज सकाळी पडत होतो, हळूहळू पडेनासा झालो. मनसुद्धा म्हणे तयार झालं.

शर्यतीच्या दिवशी मी एकच शहाणपणा केला. पाण्यात जायला नको म्हणून चष्मा काठावर काढून ठेवला.

निघालो. समोर पांढरं दिसलं. धरलं!

थोड्या वेळाने दुसऱ्यांच्या वल्ह्यांचे आवाज ऐकू येईनासे झाले. म्हटलं, वा! चौबेजी इतके मागे? काठावरून लोक ओरडत होते, "अरे भिया, उधर! उधर!" मला वाटलं, जोश देतायत. मी आणखी जोरात वल्हं मारलं.

पण देऊळ काही जवळ येईना. उलट बाजूला सरकतंय! मी स्वतःला बजावलं, बघ, हेच ते मनाचं हरणं. दंडांत आग पेटली होती, तरी मी देवळामागे!

शेवटी फळी चिखलात रुतली. देऊळ अगदी समोर. आणि देऊळ बोललं, "अहो, मघापासून माझ्या मागे का लागलाय?"

पांढरी छत्री! छत्रीखाली तलावाच्या पाळीवरून चालणाऱ्या एक मावशी.

"मी... मी शर्यतीत आहे," मी कसंबसं म्हटलं.

"शर्यत? ती तर तिकडे संपली!"

खरंच, लांबून ग्वाल्हेरवाल्यांचा जल्लोष ऐकू येत होता. गेली इंदूरची अब्रू!

मावशी जरा निवळल्या. "शर्यतीतले आहात ते बरं झालं. मी त्यातलाच एक मुलगा बघायला आले होते, मुलीसाठी. उन्हात एवढ्या लांबून ओळखू येईना, म्हणून परत निघाले. स्नेहलतागंजातला वसंत दिघे. कसा आहे हो?"

आता तुम्हीच सांगा, तो मीच, हे कसं कबूल करणार? गुडघाभर चिखलात उभा राहून म्हणालो, "लाखात एक! तो केव्हाच पलीकडे पोहोचला असेल."

तेवढ्यात मागून खणखणीत हाक आली, "वसंताऽऽ! अरे दिघ्या, कुठे निघालास?"

कुसुमताई! मला वळवायला फळीवरून अर्धा तलाव कापून आल्या होत्या. ताठ उभ्या, संथ वल्हं, उन्हात चमकणारं पाणी, आणि अजूनही धाप नाही! हरल्याचं दुःख विसरून मी बघतच राहिलो.

मावशींनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग ताईंकडे पाहिलं. छत्री मिटली, हात जोडले आणि म्हणाल्या, "बाई, तुम्हाला लग्नाचा मुलगा आहे का हो?"