डॉक्टरांनी चहा बंद केलाय

चौक गावात हायवेच्या कडेला चिंचेखालची एक जागा मला चहाच्या हॉटेलासाठी हवी होती. ती मिळाली नाही. का मिळाली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

तोवर मी कर्जत स्टेशनात किटली घेऊन फिरत असे. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावत, तेवढ्या वेळात लोक खाली उतरत आणि माझी किटली रिकामी होई. कोणाचा हात डोक्यावर नव्हता, जे केलं ते मी केलं. पण किटलीला छप्पर नसतं. चौकला त्या चिंचेच्या सावलीत पाच-सहा ट्रक कायम उभे असत, हे मी हेरून ठेवलं होतं. जागा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. तो आणि त्याची बायको मागच्याच घरात राहत.

सौद्याला जाताना माझा एक नियम होता. भाव ठरेपर्यंत समोरच्याच्या घरचा चहा प्यायचा नाही. चहा पोटात गेला की जीभ मऊ पडते, नाही म्हणायची लाज वाटते. हा नियम मी गवळ्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांशी पाळला होता आणि फायद्यात राहिलो होतो.

म्हाताऱ्याच्या ओटीवर टेकतो न टेकतो तोच त्याची बायको, काकी, कपबशी घेऊन आली.

"नको काकी."

"घ्या ना, भाऊ. आलं ठेचून घातलंय, गवती चहा पन हाय."

"चहा नाय म्हंजे?" म्हातारा म्हणाला. "बोलणी काय सुकीच करायची?"

काहीतरी सांगणं भाग होतं. तोंडातून निघून गेलं, "डॉक्टरांनी चहा बंद केलाय. पित्त आहे."

डॉक्टरची पायरी मी कित्येक वर्षं चढलो नव्हतो. काकी मात्र हळहळली. कपबशी आत गेली, कोकमाचं सरबत बाहेर आलं. ते मी प्यायलो, कारण नियम चहापुरता होता. मग भाड्यावरून तासभर घासाघीस झाली. मी दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. शेवटी म्हातारा माझ्या आकड्यावर आला आणि म्हणाला, "बरं, टाकणार काय तिथं? ग्यारेज?"

"चहाचं हॉटेल."

त्याने बायकोकडे पाहिलं. "चहाचं? अन् तुमाला तर डाक्टरनं बंद केलाय."

"मला केलाय. गिऱ्हाइकाला नाही."

"म्हंजे तुमाला बाधतो तो तुमी लोकांना पाजणार. तो पन आमच्या दारात."

"लोकांना नाही बाधत हो. चहा चांगलाच असतो."

"मग डाक्टर खोटा?"

चहाने मला लहानपणापासून असंच गोंधळात टाकलं आहे. आमच्या घरी चहा फक्त ताप आला की मिळायचा. चहाने रक्त आटतं, पोरं काळी पडतात, असं शेजारचे म्हणायचे. मग आजारी माणसालाच तो का देतात, हे विचारलं की पाठीत धपाटा बसायचा. पुढे एकदा कर्जतच्या बाजारात चहा कंपनीची गाडी आली. तिच्यातला माणूस मोठ्या पातेल्यातून फुकट चहा वाटत होता. चहाने थकवा जातो, डोकेदुखी थांबते, तरतरी येते, पाणी उकळल्यामुळे रोग मरतात, असं ओरडून सांगत होता. फुकट आहे म्हणजे यात काहीतरी असणार, असं म्हणत आमचे वडील तीन कप प्यायले. त्यानंतर घरात रोज चहा होऊ लागला. रक्त आटल्याचं कोणी बोलेना.

त्या गाडीवाल्याचं सगळं भाषण मी म्हाताऱ्याला ऐकवलं. शिवाय आलं घातलं की कफ सुटतो, गवती चहाने घाम येऊन ताप उतरतो, हेही जोडलं.

काकीने शांतपणे ऐकून घेतलं. "इतका चांगला हाय, तर तुमी का नाय घेत, भाऊ?"

माझं डोकं फिरलं. "आणा तो चहा! आत्ता पितो!"

"नको गं देऊ," म्हातारा घाईने म्हणाला. "इथंच काय झालं तर?"

मग मी खरं सांगून टाकलं. पित्त नाही, डॉक्टर नाही, माझा नियम आहे. म्हातारा पायाचा अंगठा चोळू लागला. "आमच्या घोटभर चहाची तुमाला भीती वाटली?" एवढंच म्हणाला, आणि चार दिवसांनी यायला सांगितलं.

चार दिवसांनी गेलो तर चिंचेखाली दुसराच माणूस खांब पुरत होता. तो जास्त भाडं देतो, असं शेजारचा म्हणाला. त्याने आल्या आल्या दोन कप घेतले, असंही म्हणाला.

पुढे मला कुंभिवलीत जागा मिळाली, हॉटेल चाललं. पण ती चिंच डोक्यातून जाईना. भाड्यामुळे गेली, खोटं बोलल्यामुळे, की खरं बोलल्यामुळे? की माणसं खरोखर गिऱ्हाइकांच्या तब्येतीला भ्यायली? कधी यातलं एक पटे, कधी दुसरं.

काही वर्षांनी म्हातारा आणि काकी एसटीची वाट बघत माझ्याच बाकावर येऊन बसले. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "काका, तेव्हा जागा का नाही दिलीत?"

"ही नको म्हनली."

"मी?" काकी कप ठेवून उसळली. "मी तर म्हनलं, आजारी मानूस हाय, त्यालाच द्या!"

"आजारी नव्हता गं तो. खोटं बोलला होता."

"मग तवाच का नाय सांगितलंत मला?"

"तू समोरच बसली होतीस!"

"मी आत होते, भाकऱ्या थापत!"

काकी ओटीवर होती की आत, हे आठवायचा मी प्रयत्न केला. मला ती समोर दिसत होती, पण तिच्या हातांना पीठही दिसू लागलं. एसटी आली. दोघं भांडत भांडतच चढले. मी फडकं हातात धरून उभा राहिलो. इतक्या वर्षांचा राग नक्की कोणावर धरायचा, तेच आता कळेना.