कोन देलीरिओ

“शेवटी बाबा माझ्याबद्दल काही बोलले का?” इनेसने स्पेनमधून फोनवर विचारलं. मी तो प्रश्न डॉक्टरांना मराठीत सांगितला.

तिचे वडील त्याच दिवशी सकाळी नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये वारले होते. इथल्या एका वायनरीत द्राक्षबागा बघायला आले आणि तापाने आडवे झाले. मी वायनरीची दुभाषी. बापलेकीत बरीच वर्षं अबोला होता, हे त्यांनीच मला सांगितलेलं.

डॉक्टर घाईत. “डिलिरियम होता हो. काहीबाही बरळत होते. सांगून टाका.”

सांगून टाका म्हणे! डिलिरियम म्हणजे आजारपणात होणारा भ्रम. स्पॅनिशमध्ये बोलताना देलीरिओ म्हणतात. मी तसं सांगितलं आणि इनेसला रडूच फुटलं.

“तो बाबांचा शब्द आहे. लहानपणी मला झोपवताना रोज म्हणायचे. फक्त मलाच.”

मला उमगलं. त्याच शब्दाच्या आधी ‘कोन’ लावलं की अर्थच फिरतो. कुणावर ‘कोन देलीरिओ’ प्रेम करणं म्हणजे वेड्यासारखी माया करणं.

“तसं म्हणाले का, एवढं विचारा ना,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी खांदे उडवले आणि ते राऊंडला गेले. मी सिस्टर सुनीताला गाठलं. जवळच्या घोटी गावची पोर, शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होती.

“लय तळमळत होते मॅडम. सारखं विचारायचे, ‘कोन? कोन?’ मी म्हणायची, मी हाय ना बाबा. हात धरला की गप व्हायचे. जरा वेळानं परत ‘कोन’.”

“पुढे काही म्हणायचे?”

“देलीर का कायतरी. मला वाटलं, डॉक्टरांचाच शब्द ऐकून बोलतायत.”

अगं बाई! म्हणजे ते ‘कोन देलीरिओ’च म्हणत होते. नुसतं दुखण्याचं नाव घेताना कुणी असं ‘कोन’ लावत नाही.

मी इनेसला सगळं जसंच्या तसं सांगितलं.  तिने विचारलं, “आणि सिस्टर काय म्हणायची?”

“मी आहे ना, बाबा.”

“ते मी म्हणायला हवं होतं.”

“काय म्हणाल्या त्या?” सुनीता विचारत होती. मी तिला ते मराठीत सांगितलं.

रिपोर्टमध्ये डिलिरियमच राहिलं. ते चूकही नाही. आता मात्र कुणी मला एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, की मी उलट विचारते, त्याच्या आधी कुठला शब्द होता?