उत्कर्षाचे ताठलेले पाय

हिंजवडीच्या कंपनीत उत्कर्षा रामटेकेला लोक जरा बिचकूनच असत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. आणि चुका करणाऱ्यांबद्दल तिच्या मनात दयामाया नव्हती. भंडाऱ्याहून ती शिकायला पुण्यात आली आणि इथलीच झाली. कमी शब्दांत समोरच्याची किंमत कशी करावी, हे तिला या शहराने फुकटात शिकवलं.

चाळिशी उलटली आणि तिचे पाय बिघडले. दुखत नव्हते, हीच पंचाईत. दुखणं नाही म्हणजे आजार नाही, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. सकाळी पलंगावरून उतरताना पाय ओंडक्यासारखे ताठ असत. चालताना गुडघे वाकत नसत, मांड्या एकमेकींना घासत, डाव्या चपलेचं टोक फरशीला अडके. कंपनीच्या बसमध्ये टाच अर्धवट टेकली की पाऊल आपोआप थडथडू लागे. शेजारच्या पोराने एकदा कानातली गाणी काढून "मॅम, चिल" असा सल्ला दिला. झुरळाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं.

नवरा संतोष. शेअर बाजारापासून सांधेदुखीपर्यंत त्याला सगळं कळायचं, फक्त शेअर कधी विकायचे तेवढं सोडून. "वजन उतरव आणि योगा लाव," तो म्हणाला, आणि टीव्हीकडे वळला. साहेब दिग्विजय तिच्यापेक्षा वयाने लहान. "स्ट्रेस आहे. यू नीड अ ब्रेक," असं कळवळून म्हणाला, आणि त्याच आठवड्यात शनिवार-रविवारचं काम तिच्या गळ्यात मारलं.

हाडांच्या डॉक्टरने गुडघ्यांचे फोटो काढले. त्यांत काही सापडेना, तेव्हा त्याने गाव विचारलं.

"भंडारा? मग लाखोळीची डाळ. ती फार खाल्ली की पाय असेच ताठतात."

"आमच्याकडे तूर शिजायची, डॉक्टर. आणि लहानपणी लाखोळी खाल्लीच असती, तर इतकी वर्षं ती पोटात मुहूर्त बघत बसली होती का?"

डॉक्टरने मान वर न करता कॅल्शियम लिहून दिलं.

एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. लघवीला लागली की दम निघत नसे. एका दुपारी जागेवरून उठून बाथरूम गाठेपर्यंत व्हायचं ते झालं. कमरेला स्वेटर गुंडाळून ती रिक्षाने घरी आली. त्या दिवशी तिला जगापेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली. संध्याकाळी ती आंघोळीला बसली. कढत पाणी छातीवर चांगलंच पोळलं; तेच मांड्यांवर ओतलं तर नुसतं कोमट. तिने पुन्हा ओतून पाहिलं. बेंबीपाशी जणू आडवी रेघ मारलेली होती. वर सगळं ठीक, खाली बिघाड. असल्या खुणा शोधण्याचाच तर तिला पगार मिळत होता. नवऱ्याला न विचारता तिने मज्जातंतूंच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉ. सोनाली गोसावी साठीच्या, कोरड्या बाई. त्यांनी उत्कर्षाला चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली; पाय लाथ मारल्यासारखा उडाला. मग किल्लीने तळपाय खरवडला. एरवी अंगठा खाली वळतो, तिचा वर उठला.

"पाय बिघडलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "मेंदूचा निरोप पाठीच्या कण्यातून पायांकडे जातो, तो वाटेत अडतोय. असा अडला की पाय लुळे पडायच्याऐवजी ताठतात."

"कशाने अडतो?"

"मानेचे मणके झिजून दाब येतो, मणक्यात क्षय होतो, बी-ट्वेल्व्ह कमी पडतं. काही घराण्यांत हे जन्माबरोबर येतं. लाखोळीनेही होतं."

"तेवढं एकच ऐकलंय मी."

"ऐकवणारेही तेवढंच शिकलेले असतात," बाई म्हणाल्या. कितीतरी महिन्यांनी उत्कर्षाला कुणाबद्दल तरी आदर वाटला.

एमआरआयमध्ये पाठीच्या मध्यावर गाठ दिसली. कर्करोगाची नव्हती, सावकाश वाढत तिने मज्जारज्जू दाबून धरला होता. ऑपरेशन करून ती काढली. लघवी महिन्याभरात ताब्यात आली. पायांना मात्र सात-आठ महिने लागले, आणि डावा पाय पूर्ण सैल झालाच नाही. "सहा महिने आधी आला असतात तर," एवढंच बोलून गोसावीबाई थांबल्या.

संतोष येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "मला पहिल्यापासून मणक्याचाच संशय होता." त्याला खोडून काढायचीही तिला गरज वाटली नाही.

ती कामावर परतली तेव्हा दिग्विजयने केक आणवला आणि तिच्या 'फायटिंग स्पिरिट'वर भाषण ठोकलं. टाळ्या थांबेपर्यंत ती काठीवर रेलून उभी राहिली.

"स्पिरिट वगैरे काही नव्हतं," ती म्हणाली. "गाठ होती. सर्जनने काढली. आणि शनिवारी मी येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

केकचा तुकडा तसाच ठेवून ती जागेवर गेली आणि संगणक सुरू केला. तिच्या गैरहजेरीत पोरांनी घातलेला गोंधळ निस्तरायला पुढचे दोन महिने लागणार होते.